डोमेनशेठ

आमच्या द्रोणागिरीतल्या इमारतीत तळमजल्यावर ट्रान्सपोर्टचा एक गाळा आहे. चार ट्रेलर, एक गोडाऊन, एक अकाउंटंट आणि चहाचा थर्मास एवढा पसारा. धंदा बरा चाललाय. पण गाळ्यावरची पाटी कोरी. पेंटरने पांढरा हात मारून ठेवला होता, तो पिवळा पडला. पेंटर गावाला जाऊन परत आला, त्याचं लग्न झालं, आणि दर दिवाळीला तो शटरखालून डोकावून विचारतो, "शेठ, ठरलं का?" शेठ हात वर करतात, "थांब रं, शोधताव." पाटीवर तेच नाव यायला हवं जे वेबसाइटचं असेल, वेबसाइटला तेच हवं जे डॉट कॉममध्ये मोकळं असेल, आणि डॉट कॉममध्ये जे मोकळं असतं ते शेठना पसंत नसतं. जीएसटीच्या कागदावर धंदा त्यांच्या आईच्या नावाने नोंदलेला आहे. ते नाव का नको? तर आईच्या नावापुढे डॉट लावून कोणीही टाइप करावं हे त्यांना सहन होत नाही.

आम्ही त्यांना डोमेनशेठ म्हणतो. उरण-पनवेल पट्ट्यात शेठ व्हायला फारसं काही लागत नाही. पांढरा शर्ट, एक चारचाकी आणि फोनवर मोठ्याने बोलायची सवय असली की भागतं. डोमेन मात्र त्यांनी कमावलेलं आहे. पन्नासएक नावं त्यांच्या खात्यावर आहेत, वेबसाइट एकही नाही. बिलं अजून फुकटच्या मेलवरून जातात. त्या पत्त्यात आधी गावाचं नाव, मग 'न्यू', आणि मागे १९८९, म्हणजे आमचं न्हावा शेवा बंदर सुरू झालं ते साल. हा पत्ता ते फोनवर पार्टीला सांगतात तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर कामं थांबवून ऐकतो.

धंद्याआधी नाव शोधणारा माणूस सगळीकडे असतो. पुण्यात तो नोकरी सोडलेला असतो, नाशिकात बेदाणे विकणार असतो, अमेरिकेत गेला तरी तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कोपऱ्यात उभा राहून "नाव पाच अक्षरांत बसलं पाहिजे" असं सांगत असतो. रात्री बारानंतर त्याला एकदम नाव सुचतं, बायको झोपलेली असते, मोबाइलमध्ये कार्डाचा नंबर आधीच साठवलेला असतो. सकाळी नाव शिळं वाटतं, पण पैसे गेलेले असतात. ही नावं पहिल्या वर्षी वडापावच्या भावात मिळतात आणि दुसऱ्या वर्षापासून थाळीचा भाव लावतात, हे त्याला कळेपर्यंत त्याच्याकडे थाळ्यांची पंगत जमलेली असते.

पण आमचे शेठ नुसते हौशी नाहीत, त्यांना शास्त्र येतं. नाव कसं असावं यावर ते बोलू लागले की चूक काढायला जागा नसते. पहिला नियम कानाचा. नाव फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला बरोबर लिहिता आलं पाहिजे, स्पेलिंग विचारावं लागलं की ते नाव बाद. हा नियम जगभरचे जाणकार सांगतात, शेठ मात्र त्याची परीक्षा करळ फाट्यावरच्या टपरीवर घेतात. मागे ट्रेलरचे हॉर्न, समोर चहा, आणि परीक्षार्थी म्हणून जो कोणी ड्रायव्हर हाताशी सापडेल तो. मी हजर होतो त्या दिवशी एक उत्तर प्रदेशचा पोरगा सापडला होता. शेठनी त्याच्या हातात फोन दिला आणि सांगितलं, "लिखो, शेवा."

त्याने 'सेवा' लिहिलं.

"सेवा नाय रं बाबा, शेवा. श. श."

"एस से?"

"एस और एच. शक्कर वाला श."

पोरगा विचारात पडला. मग म्हणाला, "शेठ, शक्कर तो शुगर है. शुगर में एच कहाँ है?"

शेठनी फोन परत घेतला, चहाचे पैसे दिले आणि त्या दिवशी 'शेवा' हा शब्द असलेली सात नावं यादीतून काढली. 'न्हावा' तर त्याआधीच गेलं होतं. एक तर एन आणि एच हे जोडपं परप्रांतीयाच्या जिभेवर बसत नाही, आणि मराठी माणसाला ऐकू आलं तर तो केस कापायला येईल अशी शेठना भीती. बंदराच्या नावातले दोन्ही शब्द असे निकालात निघाल्यावर बंदरातल्या धंद्याला नाव शोधणं किती अवघड झालं असेल, याचा विचार करा.

डॅशला त्यांच्याकडे थारा नाही. "डॅश" असं सांगितलं की निम्मे लोक तो शब्दच टाइप करतात, उरलेले डॅश विसरतात आणि दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहतात. आकडे नकोत, कारण 'फोर' आकड्यात की अक्षरात हे पुन्हा सांगावं लागतं. दोन शब्द जोडताना पहिल्याचं शेवटचं आणि दुसऱ्याचं पहिलं अक्षर एकच असेल तर ते एकदा लिहायचं की दोनदा, यावर गोंधळ होतो, म्हणून तेही नको. नियमाप्रमाणे एका नावात त्रेसष्ट अक्षरं बसतात, पण त्रेसष्ट अक्षरं ट्रेलरच्या मागे लिहिली तर फाळक्यावर हॉर्न ओके प्लीजला जागा राहायची नाही, हे शेठांचंच म्हणणं.

मोठ्या नावाच्या जवळ जायचं नाही, हाही नियम. इथे ते एकदम वकिलासारखे बोलायला लागतात. १९९९मध्ये दिल्ली हायकोर्टात याहूने 'याहूइंडिया' चालवणाऱ्याला रोखलं, २००४मध्ये सुप्रीम कोर्टाने सिफी आणि सिफीनेटच्या खटल्यात सांगितलं की डोमेनच्या नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण आहे. हे दोन निकाल शेठ अशा तोऱ्यात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन्ही वेळेला हे पहिल्या बाकावर बसले होते. त्यामुळे एखादं नाव सगळ्या परीक्षा पास झालं तरी शेवटी ते जगातल्या कुठल्या ना कुठल्या शिपिंग लाइनच्या नावाची आठवण करून देतं आणि फेटाळलं जातं.

त्यांची एक तक्रार मला खरंच विचार करण्यासारखी वाटते. एकदा यार्डात उभं राहून त्यांनी एका डब्याच्या दारावर बोट ठेवलं. इथे कंटेनरला डबाच म्हणतात. "हा नंबर बघ. पयली तीन अक्षरं मालकाची, चौथा यू, मग सहा आकडे, आन हा चौकटीतला शेवटचा एकटा. ह्यो कशाला हाय, ठाव हाय?" मला ठाऊक होतं, आमचं पोटच त्याच्यावर आहे. मालकाची अक्षरं पॅरिसच्या संस्थेत नोंदलेली असतात, ती जगात दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत. आणि चौकटीतला आकडा हा आधीच्या दहा अक्षर-आकड्यांचा हिशेब करून काढलेला असतो. गेटवर कोणी एखादा आकडा चुकीचा मारला की हिशेब जुळत नाही आणि कॉम्प्युटर डबा आत घेत नाही. "आता सांग," शेठ म्हणाले, "डब्यात भंगार असलं तरी त्याला राखनदार आकडा. आन माझ्या नावात एक अक्षर चुकलं तर गिऱ्हाईक सरळ भलत्याच्या घरात. कॉमवाल्यांना ही अक्कल का नाय सुचली?"

खरंच सुचली नाही. तशा चुकलेल्या स्पेलिंगवर टपून बसणाऱ्यांचा स्वतंत्र धंदा आहे. त्यावर तोडगा म्हणून शेठनी आपल्या आवडत्या नावांची चुकीची स्पेलिंगंही घेऊन ठेवली आहेत. नाव ठरायच्या आधी चुका ठरल्या.

दुसऱ्यांसाठी मात्र हाच माणूस सोन्यासारखा. करंज्याची एक बाई सुकी मासळी विकते, तिची मुलगी कॉलेजात. मुलगी वेबसाइट काढायची म्हणून नावांची यादी घेऊन आली, त्यात सगळी इंग्रजी, समुद्र, लाटा, ताजेपणा वगैरे. शेठनी यादी उलटी ठेवली. "तुज्या आयला बाजारात काय म्हनतात? सुकटवाली ना? मग सुकट घे, त्याला गाव जोड, डॉट इन घे. डॉट इन आपल्या देशाचं, दिल्लीवाल्या निक्सीकडं असतं, दोन हजार पाचपासून सगल्यांना खुलं हाय, लोकांना समजतं." चहा निवायच्या आत नाव झालं. मग खरा उपदेश सुरू झाला. "पैसे तुज्या आयच्या कार्डावरून भर. मालक म्हनून आयचं नाव, मेल आयचा, फोन आयचा. वेबसाइट करून देनारा बोलंल, मी घेतो माज्या खात्यात. त्याला बोल, सातबारा माज्या नावावर पायजे."

हे शेठ उगाच सांगत नाहीत. आमच्याच इमारतीतल्या एका कस्टम ब्रोकरची साइट ज्याने बनवली त्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं, पुढे तो दुबईला गेला आणि फोन उचलेनासा झाला. वर्ष संपलं, नूतनीकरण कोणी केलं नाही, आणि एके सकाळी ब्रोकरच्या पत्त्यावर सट्ट्याच्या जाहिराती दिसायला लागल्या. ब्रोकर रडकुंडीला येऊन खाली गेला तर शेठ पहिलं वाक्य बोलले, "ऑटो रिन्यू लावलं नव्हतंस?" माणसं अशा वेळी पाणी विचारतात.

मी एकदा विचारलं, "शेठ, करंज्याच्या बाईला दहा मिनिटांत दिलंत, मग स्वतःला का नाही?"

"तिला मासली विकायची हाय," शेठ म्हणाले. "मना नाव लावायचंय."

या उत्तरावर मी बराच काळ हसत होतो. मग हळूहळू कमी हसू लागलो, कारण नावाच्या बाबतीत या किनाऱ्याने काय काय पाहिलंय ते मलाही माहीत आहे. न्हावा आणि शेवा ही दोन वेगळी गावं. बंदर आलं तेव्हा शेवा उठलं. नवीन शेवा आणि हनुमान कोळीवाडा असे त्याचे दोन तुकडे दुसरीकडे वसले. बंदराला सरकारी नाव पंडित नेहरूंचं मिळालं, पण जगभरच्या बिल ऑफ लेडिंगवर अजून न्हावा शेवाच छापतात. रॉटरडॅमच्या कारकुनाला शेवा माहीत आहे आणि शेव्याच्या म्हाताऱ्याला आपलं घर नक्की कुठल्या क्रेनखाली गेलं ते दाखवता येत नाही. उरणची लोकल आली तर स्टेशनांच्या नावांवरून वाद. नवघरवाले म्हणाले आमच्या जमिनीवरच्या स्टेशनाला न्हावा शेवा का, बोकडवीऱ्याचे म्हणाले द्रोणागिरी का. अशा मुलखात वाढलेल्या माणसाने पाटी कोरी ठेवली तर त्याला निव्वळ चिकित्सक म्हणणं मला जड जातं. चिकित्सक तर ते आहेतच.

त्यांचे सगळे मोठे तोटेही नामकरणातलेच. समुद्रावरचा पूल बांधत होते तेव्हा कागदोपत्री त्याला शिवडी-न्हावा शेवा म्हणत. शेठनी शिवडी आधी, न्हावा आधी, मध्ये ब्रिज, शेवटी ब्रिज, अशी सगळी वळणं घेऊन टाकली. १२ जानेवारी २०२४ला पूल उघडला आणि लोकांच्या तोंडी एकच शब्द बसला, अटल सेतू. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही सुरू झाली. गावभर पेढे वाटले जात असताना शेठ गाळ्यात बसून कुठल्या नावांचं नूतनीकरण करायचं नाही यावर खुणा करत होते.

नवी मुंबईच्या विमानतळाच्या वेळी आम्हाला वाटलं, आता हा माणूस शहाणा झाला असेल किंवा पुरता बुडेल. दोन्ही झालं नाही. धावपट्टी, कार्गो, टॅक्सी, लॉज असं सगळं त्यांनी घेतलं. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव मात्र घेतलं नाही. ते कितीतरी दिवस मोकळं दिसत होतं असं तेच सांगतात. विमानतळाला तेच नाव द्या म्हणून २४ जून २०२१ला सिडको भवनावर मोर्चा गेला त्यात शेठ होते, गळ्यात त्या नावाचा फलक अडकवून. पण विकत घेण्याचा विषय काढला तर ते एवढंच बोलले, "त्या नावाला मी कोन लावनारा?" आणि अकाउंटंटवर उगाच ओरडले.

पुन्हा हसवायचं काम त्यांच्या 'डॉट भारत'ने केलं. १६ ऑगस्ट २०१४ला पंतप्रधान जेएनपीटीत, म्हणजे आमच्या बंदरात, आले आणि प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के जमिनीची इरादापत्रं वाटली गेली. त्यानंतर अकरा दिवसांनी, २७ ऑगस्टला, देवनागरीत डोमेन मिळू लागलं. शेठना वाटलं, एका महिन्यात दोन्ही जमिनी आपल्या. त्यांनी गावाचं नाव अस्सल मराठीत, काना-मात्रा-वेलांटीसह घेतलं आणि एका मोठ्या पार्टीला अभिमानाने पाठवलं. आता यातली गंमत अशी की इंटरनेटच्या पोटात देवनागरी चालत नाही. तिथे प्रत्येक मराठी नावाचं एक रोमन सोंग बनवतात, सुरुवातीला एक्सएन, मग दोन डॅश, मग कुठलीही अक्षरं कुठेही. मेसेजमध्ये चिकटवताना नाव त्या सोंगात गेलं. पार्टीने उलट फोन केला, "शेठ, तुमचा मोबाइल हॅक झालाय, बँकेत कळवा." ज्या माणसाने आयुष्यभर डॅशला उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्याच्या मराठी नावात एकदम दोन निघाले.

व्हायरसचं नाव निघालं की शेठांची एक कथा ठरलेली. मे २०१७मध्ये वॅनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर बंद पाडले. इंग्लंडातल्या एका तरुणाने त्याचा कोड उघडून पाहिला तर त्यात एका लांबलचक, अर्थ नसलेल्या डोमेनचा पत्ता होता आणि ते नाव कोणाचंच नव्हतं. त्याने ते दहा-अकरा डॉलरला नोंदवलं आणि व्हायरसचं पसरणं थांबलं. "एक नाव घेतलं, जग वाचलं," शेठ टेबलावर हात आपटून सांगतात. मग आवाज खाली आणतात. पुढच्याच महिन्यात दुसरा व्हायरस आला, त्याने मर्स्क या शिपिंग कंपनीला धरलं आणि आपल्या इथलं तिचं गेटवे टर्मिनल ठप्प झालं. कागद हाताने चालू झाले, रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा, शेठांच्या दोन गाड्या त्यात. "तवा कोनाला नाव घ्यायची बुद्धी झाली नाय." त्या दुसऱ्या व्हायरसला असं कुठलंही नाव घेऊन थांबवता आलं नसतं हे मी त्यांना समजावून पाहिलंय. ते मान हलवतात आणि पुढच्या माणसाला कथा आहे तशीच सांगतात.

गेल्या पावसाळ्यात मात्र खरीच वेळ आली. अंधेरीच्या कुठल्याशा नव्या लॉजिस्टिक्स कंपनीतून एक तरुण आला. हसतमुख, पाठीला बॅग. शेठांच्या पन्नासातलं एक नाव त्यांना हवं होतं. छोटं, डॅश नसलेलं, फोनवर एकदा सांगितलं की कळणारं. करळच्या टपरीवर तीन ड्रायव्हरांनी पास केलेलं, पण एका जर्मन बोटीशी जुळतं म्हणून शेठनी बाजूला टाकलेलं. त्याने लॅपटॉप उघडून एक आकडा दाखवला. त्या आकड्यात पन्नास नावांची सगळी वर्षं वसूल होऊन वर पाचव्या ट्रेलरचं डाउन पेमेंट निघालं असतं. अकाउंटंटने थर्मास खाली ठेवला. मीही जिन्यातच थांबलो.

शेठनी आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पैशाचं नंतर बघू," म्हणाले. "आदी सांगा, साडेबारा टक्के कवा देनार?"

"कमिशन?" तरुणाने विचारलं.

"कमिशन नाय. जमीन घेतली की साडेबारा टक्के विकसित करून परत द्यायची, असा इथला कायदा हाय. जानेवारी चौऱ्याऐंशीला इथं गोल्या खाल्ल्या आमच्या मान्सांनी त्याच्यापायी, पाच जन गेले. तुमी माजं नाव घेनार, त्याच्यावर वेबसाइट बांधनार. तिच्यातली साडेबारा टक्के माजी."

तरुण वारंवार माझ्याकडे बघत होता. "सर, म्हणजे शेअर्स?"

"पानं. वेबसाइटला पानं असतात ना? शंभर असली तर साडेबारा माजी, त्याच्यावर मी माजे ट्रेलर लावीन. रस्त्याला लागून पायजेत, मागच्या बाजूची देऊ नका. आन घरटी एक नोकरी. माजा पोरगा बीकॉम हाय."

"सर, डोमेनचं असं काही नसतं. तुम्ही ट्रान्सफर केलं की ते आमचं."

"तुमचं कुटलं? जास्तीत जास्त दहा वर्सांची नोंद देतात, मग परत पैसे भरायचे. सिडको बरी, साठ वर्सांच्या लीजवर तरी देते. मालक कोनच नाय, तुमी पन नाय, मी पन नाय. म्हनून तर सांगताव, कागद नीट करू."

दोन तास बैठक चालली. तरुण बिचारा नोंदी घेत होता. शेवटी त्याने विचारलं की ही मागणी वरिष्ठांना मेलवर कळवाल का. शेठ हो म्हणाले आणि आपला पत्ता सांगू लागले: आधी गावाचं नाव, "एन नंतर एच, साइलेंट समजू नका", मग न्यू, "नवा वाला न्यू", मग एकोणीसशे एकोणनव्वद, "आकड्यात".

त्याने तीनदा खोडून चौथ्यांदा बरोबर लिहिलं. वरिष्ठांनी प्रस्ताव विचारार्थ ठेवल्याचं उत्तर आलंय. शेठनी ते छापून फाइलला लावलं. त्याच फाइलमध्ये खाली साडेबारा टक्क्यांच्या इरादापत्राची झेरॉक्स आहे. फाइलवर अजून नाव घातलेलं नाही.